पाऊस जुलैचा, आवाज दिवाळीत

वसईत चाकाचा आवाज ऐकायचा तर हायवे गाठावा लागतो. अंबाडी रोड, एव्हरशाइन, आचोळे रोड, संतोषभुवन या भागात गाडी पंचविसाच्या पुढे जाईल तर शपथ. पुढे रिक्षा, मागे बस, मध्ये खड्डा. आणि बेअरिंगचा आवाज तर चाळीस-पन्नासच्या पुढे उठणारा. म्हणून गिऱ्हाईक जेव्हा सांगतं, "दादा, गावात काही नाही, पण हायवेला लागलो की गाडी घूं घूं करते," तेव्हा माझे कान टवकारतात. गोखिवऱ्याला माझं गॅरेज आहे. तिथून वसई फाट्याला बाहेर पडायचं, पेल्हारच्या अंगाला वळायचं आणि विरार फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं, ही माझी ट्रायल. एसीचा पंखा बंद, गाणी बंद, काचा वर. गिऱ्हाइकाला शेजारी बसवतो आणि सांगतो, आता थोडा वेळ बोलायचं नाही.

गाडीतल्या इतक्या भागांतून मी नेमकं चाकाचं बेअरिंग लिहायला घेतलं, त्याला कारण आहे. आमच्या वसई-विरारमध्ये हा भाग झिजून मरत नाही, बहुतेकदा पाण्यानं मरतो. आणि तो बदलण्याचं काम अनेक ठिकाणी अशा पद्धतीनं होतं की नवं बेअरिंग बसतानाच अर्धं मेलेलं असतं. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून गाडीवाल्यांना त्या माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेल्या दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये छरे. सायकलच्या चाकातले वाटी-छरे ज्यांनी लहानपणी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीच्या चाकात छऱ्यांच्या दोन ओळी असतात. छरे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारा पिंजरा असतो, आत ग्रीस असतं आणि दोन्ही तोंडांना रबरी सील असतात. बाहेरची कडी, म्हणजे आऊटर रेस, स्टिअरिंगच्या नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्यात, घट्ट बसलेली. आतली कडी, इनर रेस, हबवर. हबला डिस्क आणि चाक बोल्टांनी आवळलेलं. गाडीचं वजन चार चाकांतल्या अशा चार जागांवर पेललं जातं. छोट्या गाडीत चार-पाच माणसं बसली की एकेका चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. असं चाक एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे वेळा फिरतं. विरार ते चर्चगेट हे रेल्वेचं साठ किलोमीटरचं अंतर धरलं, तर तेवढ्यात तेहतीस हजार फेरे झाले. एवढ्या भाराखाली, तेवढ्याशा ग्रीसवर. तरीही धड वापरलेलं बेअरिंग एक लाख किलोमीटर सहज पार करतं. मला या वस्तूबद्दल आदर आहे तो यामुळेच.

पण तिचा एक कच्चा दुवा आहे. या कड्या आणि छरे ज्या पोलादाचे असतात त्यात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. क्रोमचं पोलाद म्हटलं की लोकांना वाटतं ते गंजत नाही. न गंजणाऱ्या स्टेनलेसला किमान दहा-साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, आरशासारखं घासलेलं असतं, पण ग्रीसच्या जागी पाणी आलं की ते अगदी साध्या खिळ्याच्या वेगानं गंजायला लागतं.

आता वसईचं पाणी. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. मधला बराचसा भाग सखल, मिठागरांचा, भाताच्या शेतांचा. त्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इमारती उभ्या राहिल्या. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. जुलै २०१८ चा पूर आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागर वस्तीत माणसं अडकली, सोसायट्यांत वीज नव्हती. त्यानंतरही जवळपास दर वर्षी एव्हरशाइन, वसंत नगरी, आचोळे, चुळणे या भागांत एखाद-दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाणी भरतंच. तेव्हा रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या जागच्या जागी उभ्या असतात. पाणी सीटपर्यंत पोचलं नाही, इंजिनात गेलं नाही, किल्ली फिरवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, की मालक देवाचे आभार मानतो. चाकांच्या मधोमध दिवसभर पाणी होतं याकडे त्याचं लक्षही जात नाही.

सील असतात ना, मग पाणी आत जातं कसं? हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो योग्य प्रश्न आहे. सील हे रस्त्यावरचा चिखल आणि उडणारं पाणी अडवण्यासाठी केलेले असतात. पाण्यात बुडून राहण्यासाठी नसतात. त्यातून गाडी चालून आलेली असली तर हब तापलेला असतो, वारंवार ब्रेक मारून डिस्क पोळेल इतकी गरम असते. तो तापलेला हब अचानक गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत ओढून घेते. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. ते ग्रीसमध्ये घोटलं जातं आणि ग्रीसचा वंगणपणा जातो. खाडीलगतचं पाणी मचूळ असतं, त्यामुळे गंज आणखी लवकर धरतो. कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर जे हौसेनं गाडी वाळूत घालतात त्यांच्या चाकांची गत याहून वाईट. आणि धुलाई केंद्रावर प्रेशरचा पाइप थेट हबच्या तोंडाशी धरतात, तोही प्रकार बंद करायला हवा. तुम्ही समोर उभे असाल तर सरळ सांगा, चाकाच्या मधोमध प्रेशर मारू नका.

हे सगळं होऊनही आवाज लगेच येत नाही. गंजाचे डाग पडतात, त्या डागांवरून छरे फिरतात, डागांच्या कडा तुटतात, पोलादाचे बारीक खवले निघतात, ते खवले ग्रीसमध्ये मिसळून बाकीचा पृष्ठभाग खरवडतात. या सगळ्याला काही आठवडे, काही महिने लागतात. पाऊस जुलैचा, आवाज दसऱ्या-दिवाळीत. मधल्या काळात माणूस पूर विसरलेला असतो, त्यामुळे दोन गोष्टींची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही.

एव्हरशाइनमधल्या एका काकांच्या वॅगनआरचं असंच झालं. नवरात्रात सगळे मिळून डहाणूच्या महालक्ष्मीला निघाले होते. खानिवड्याचा टोलनाका मागे पडला आणि गाडी घुमायला लागली. पन्नासला बारीक, सत्तरला मोठ्यानं. काकूंना मागच्या सीटवर वाटलं आवाज मागून येतोय, काकांना वाटलं इंजिनातून. दोघांचाही दोष नव्हता, कारण हा आवाज गाडीच्या पत्र्यातून पसरतो आणि नेमका कुठून येतोय याबाबत कानाला फसवतो. परतल्यावर ते एका टायरवाल्याकडे गेले. टायर आवाज करतायत म्हणून त्यानं पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले, अलाइनमेंट करून दिलं. आवाज तसाच. पुढे नवीन दोन टायर घ्या असा सल्ला मिळाला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

टायर अदलाबदल करणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. उलट तीच पहिली खूण होती. आवाज टायरचा असता तर टायरबरोबर तोही पुढून मागे सरकला असता, निदान बदलला असता. इथे तो जिथल्या तिथे राहिला. दुसरी खूण रस्त्याची. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डांबरावर काँक्रीटचा थर दिल्यापासून गाड्यांच्या आवाजाच्या तक्रारी वाढल्यात, कारण काँक्रीटवर टायर जास्त वाजतो. नवा डांबरी तुकडा आला की टायरचा आवाज एकदम उतरतो. बेअरिंगला रस्ता कसला आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याचा आवाज वेगाबरोबर चढतो आणि वेगाबरोबरच उतरतो.

मग मी साठच्या वेगात, पुढेमागे कुणी नाही असं बघून, गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली बसलं, आवाज चालूच. म्हणजे इंजिन आणि क्लच दोषमुक्त. इथे एक सांगून ठेवतो, न्यूट्रल करा पण किल्ली बंद करू नका. किल्ली बंद झाली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हायवेवर तो खेळ नको. त्यानंतर स्टिअरिंग हलकेच उजवीकडे, हलकेच डावीकडे. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. काकांची गाडी उजवीकडे घेतली की घूं वाढायची, डावीकडे घेतली की दबायची. संशय डाव्या बाजूवर आला. हा नियम बहुतेकदा खरा ठरतो, पण नेहमी नाही, कारण छऱ्यांच्या दोन ओळींपैकी एकच ओळ बिघडलेली असली तर हिशेब उलटाही होतो. म्हणून नुसत्या ट्रायलवर बेअरिंग मागवू नये.

गॅरेजला येऊन गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराच्या घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालणं मला मंजूर नाही, माझ्याकडच्या पोऱ्यांनाही मी ते करू देत नाही. मग चाक हातानं फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंगला हात लावला तर काही कळत नाही. बिघडलेल्याची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते, कानाला ऐकू येण्याआधी. काकांचाच हात मी स्प्रिंगवर ठेवला. आधी उजवीकडच्या, मग डावीकडच्या. डावीकडे हात ठेवताच ते म्हणाले, "अरे, हे तर किरकिरतंय." गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं कळलं की पुढचं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

चाक वर-खाली धरून हलवून पाहिलं. प्ले, म्हणजे सैलपणा, नव्हता. अनेक गॅरेजांत इथेच निकाल लागतो: "प्ले नाही, बेअरिंग ठीक आहे." हे चूक आहे. आजच्या दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये आवाज आधी येतो, प्ले फार उशिरा. प्ले येईपर्यंत थांबायचं म्हणजे बेअरिंग आतून पार खिळखिळं होईपर्यंत थांबायचं. आणि प्ले सापडलाच तरी तो बेअरिंगचाच असं नाही. शेजारी माणूस बसवून ब्रेक दाबायला सांगावं आणि चाक पुन्हा हलवावं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म बघावा. चाक आडवं, म्हणजे डावी-उजवी बाजू धरून हललं तर टायरॉडवर नजर टाकावी. पूर्ण वळण घेताना कट-कट येत असेल तर ते एक्सलच्या जॉइंटचं दुखणं. ब्रेक लावल्यावर आवाज बदलत असेल तर पॅड, किंवा डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरून आलेल्या गाड्यांत असे खडे खूप निघतात. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी कुणी बेअरिंगचे पैसे घेऊ नयेत.

आता खोलण्याचं काम. गाडी जमिनीवर उभी असतानाच, ब्रेक दाबून, मधला एक्सल नट ढिला करायचा. तो फार जोरात आवळलेला असतो, जॅकवरच्या गाडीशी झटापट केली तर गाडी घोडीवरून सरकू शकते. एकदा तो नट ढिला झाला की गाडी चाकांवर ढकलायची नाही, कारण बेअरिंगच्या दोन्ही अर्ध्या कड्या त्या नटच्या ताकदीनंच एकत्र धरलेल्या असतात. मग चाक, कॅलिपर, डिस्क. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नये, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवावा. एबीएसचा सेन्सर सगळ्यात आधी काढून बाजूला घ्यावा. त्यानंतर टायरॉड, बॉल जॉइंट, शॉकअप्सचे बोल्ट, आणि नकल हातात येते.

ती घेऊन मी वालीवला लेथवाल्याकडे जातो. त्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. प्रेसनं आधी हब बाहेर ढकलायचा, मग लॉक काढायचं, मग बेअरिंग बाहेर. हब निघताना आतली कडी बहुतेकदा हबलाच चिकटून येते, ती पुलरनं किंवा ग्राइंडरनं जपून चिरून काढावी लागते. काकांच्या गाडीची ती कडी मी त्यांना कापडावर ठेवून दाखवली. ग्रीस दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं झालं होतं. ते पुसल्यावर कडीवर तांबूस आडवे डाग दिसले, एकाशेजारी एक, बरोबर दोन छऱ्यांमध्ये असतं तेवढ्या अंतरावर. चालत्या गाडीत असे डाग पडत नाहीत. गाडी पाण्यात उभी असताना छरा जिथे टेकलेला होता तिथेच पाणी धरून राहिलं आणि तिथेच गंज चढला. एका डागाच्या कडेला पोलादाचा खवला उडून नखाच्या टोकाएवढा खळगा झाला होता. तो खळगा प्रत्येक छऱ्याखालून जाताना एक ठोका देतो, आणि मिनिटाला पाच-सहाशे फेऱ्यांत त्या ठोक्यांचीच घूं बनते. काकांनी विचारलं, "गाडी पाण्यात होती ती चुळण्याच्या पुरात, त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून हे चालू आहे?" होय, तेव्हापासून.

नवं बेअरिंग बसवताना एकच नियम आहे आणि त्यावर सगळं अवलंबून आहे. जी कडी बसवायची असेल, ताकद त्याच कडीवर द्यायची. नकलमध्ये बसवताना प्रेस बाहेरच्या कडीवर दाबायचा. हब घालताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. हे चुकलं तर सगळी ताकद छऱ्यांमधून जाते आणि छरे कड्यांवर बारीक खड्डे पाडतात. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, पण आवाजासाठी तेवढे पुरतात. प्रेस नाही म्हणून हातोडी आणि जुनी कडी घेऊन ठोकून बेअरिंग बसवणारे अजून खूप आहेत. गाडी गॅरेजमधून शांत निघते, थोड्याच दिवसांत पुन्हा घुमते, आणि दोष दिला जातो बेअरिंगच्या कंपनीला. मी स्पष्ट सांगतो, हातोडीनं बसवलेलं बेअरिंग हे खराब बेअरिंगच समजावं. जिथे काम देणार आहात तिथे आधी विचारा, प्रेस कुठे करणार? उत्तर सरळ आलं नाही तर गाडी दुसरीकडे न्या.

दुसरी खबरदारी नव्या गाड्यांची. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. अशा अनेक गाड्यांत चाकाचा वेग मोजण्यासाठी लागणारी चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या असतात. उलटं बसलं तर चाक छान फिरतं, आवाजही जातो, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि पुन्हा काढायचं म्हणजे नवं बेअरिंग फुकट. बारीकशी टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू कळते. ती बाजू चुंबकाला चिकटवून किंवा धातूच्या चुऱ्यात ठेवू नये.

एक्सल नट नवा वापरावा आणि टॉर्क पान्यानंच आवळावा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला. कमी आवळला तर कड्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, अतिआवळला तर छऱ्यांवर कायमचा दाब येतो. दोन्हीचा शेवट आवाजातच. न्यूमॅटिक गन लावून टर्रर्र केलं की काम झालं, ही समजूत सोडून द्यायला हवी. शॉकअप्सचे बोल्ट खोलले असतील तर शेवटी अलाइनमेंट तपासून घ्यावं.

सगळ्या गाड्यांचं काम एकसारखं नसतं. काही गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रममध्येच दाबलेलं असतं. काहींत हब आणि बेअरिंग एकच तयार तुकडा असतो, चार बोल्ट खोलून बदलता येतो, तिथे प्रेस लागत नाही. तुकडा महाग, मजुरी कमी. गास-निर्मळकडचे फुलवाले, भाजीवाले वापरतात त्या ईकोचा प्रकार निराळा. तिला मागून ताकद मिळते, बेअरिंग मागच्या एक्सलच्या दांड्यावर दाबलेलं असतं, आणि तिथला सील गेला तर गिअरचं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मागचा ब्रेक अचानक कमी लागायला लागला तर ईकोवाल्यांनी हे आधी बघावं. टेम्पो आणि ट्रकच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात, कप आणि कोन वेगळे. ती खोलून धुवून ग्रीस भरता येतात, आवळता येतात. कारच्या बंद बेअरिंगला ती सोय नाही. "दादा, ग्रीस मारून चालेल का?" असं कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. खवले उडालेलं पोलाद ग्रीसनं भरून येत नाही.

ही वस्तू कुठून आली हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉन यानं घोडागाडीच्या कण्यासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. १९०७ मध्ये स्वीडनमध्ये कापड गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्यानं गिरणीच्या लांबच लांब दांड्यांसाठी आपोआप जुळवून घेणारं बेअरिंग काढलं आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आज चिंचवडला आहे. एनआरबी ही कंपनी १९६५ पासून सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगं बनवते. म्हणजे चांगला माल आपल्याच राज्यात तयार होतो. तरीही बाजारात बनावट माल खूप आहे, डबा हुबेहूब, आतलं पोलाद भलतंच. एसकेएफचं ऑथेन्टिकेट नावाचं मोबाइल अॅप आहे, त्यावर डब्याचे आणि बेअरिंगचे फोटो पाठवून खरं-खोटं तपासता येतं. डबा फुटलेला, प्लॅस्टिक उघडलेलं, बेअरिंगवरची अक्षरं बोटानं पुसली जाणारी असली तर घेऊ नका. बिल घ्या. बिलावर पार्ट किती, मजुरी किती, प्रेसचे किती, हे तीन आकडे वेगळे लिहून मागा.

दोन्ही बाजूंची बेअरिंगं एकदमच बदलायची का? माझ्या मते नाही. जे बिघडलं ते बदलावं, दुसरं तपासावं. पण गाडी पाण्यात उभी होती हे माहीत असेल तर दुसऱ्या बाजूकडे काही महिने कान ठेवावा. काकांच्या उजव्या बाजूला मी हात लावला नाही, स्प्रिंगवर काही जाणवत नव्हतं. त्यांना सांगून ठेवलं, पुन्हा घूं आली तर टायरवाल्याकडे न जाता इकडे या.

आवाज आला म्हणून लगेच रस्त्यात चाक निखळत नाही, उगाच घाबरवणं मला पटत नाही. पण "अजून महिनाभर चालेल" हेही कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. घूंची खरखर झाली, हब हात लावू न देण्याइतका तापायला लागला, ब्रेकचं पेडल पहिल्यापेक्षा खाली जायला लागलं किंवा एबीएसचा दिवा लागला, की गाडी हायवेवर नेऊ नये. पिंजरा तुटून छरे सैल झाले तर चाक अडकू शकतं. वसई-मनोरच्या पट्ट्यात डाव्या-उजव्या हाताला अवजड ट्रक आणि कंटेनर असतात. तिथे ऐंशीच्या वेगात चाक धरलं तर सावरायला जागा मिळत नाही.

म्हणून वसई-विरारकरांना एवढीच विनंती आहे. या पावसाळ्यात तुमची गाडी पाण्यात उभी राहिली असेल, मग ती नंतर कितीही छान चालत असो, दसऱ्याआधी जवळच्या गॅरेजमध्ये चारही चाकं उचलून, स्प्रिंगवर हात ठेवून फिरवून बघायला सांगा. तुमचाही हात तिथे ठेवा. आणि बेअरिंग बदलावंच लागलं तर काम झाल्यावर जुनं बेअरिंग मागून घ्या. ते तुमचं आहे, आणि कशानं गेलं ते त्याच्यावर दिसतं.